पक्की प्रत

माणसाला भूक लागते तसे तिला प्रश्न लागत. सकाळी दात घासताना लागत, भाजी चिरताना लागत, कुणाकडे समाचाराला गेली तरी लागत. मग ती ओठ घट्ट मिटून बसे आणि नवरा शेजारून हळूच म्हणे, "गिळ. घरी गेल्यावर विचार."

ती पुस्तकांची संपादक. कुठल्या कचेरीत नोकरीला नव्हती. कुणाचं हस्तलिखित नीट करून दे, कुणाचं मागचं पुढे नि पुढचं मागे करून दे, कुणाच्या नावानं अख्खं पुस्तकच लिहून दे, अशी घरबसल्या कामं करण्यात तिची हयात गेली होती. प्रकाशकांकडे तिला 'चौकशीबाई' म्हणत. बाकीचे संपादक हस्तलिखित तपासून परत पाठवत. ही त्यात राहायला जाई. मधमाश्यांवरचं पुस्तक आलं तेव्हा मधमाश्या पाळणाऱ्याकडे जाऊन गाल सुजवून आली. शेवाळावरचं आलं तेव्हा न्हाणीघराच्या खिडकीत बरण्या मांडल्या, आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा झाला. गाठींवरचं पुस्तक छापून जुनं झालं, तरी कपडे वाळत घालायची दोरी अजून खलाशी बांधतात तशी बांधलेली होती आणि आल्यागेल्याला ती सुटत नसे. विहिरी, घड्याळं, काच, कोळिष्टकं, जुन्या नकाशांवरची खोटी बेटं. कशातच ती तज्ज्ञ झाली नाही, पण कुठल्याही विषयावर तिच्याशी बोलायला बसलं की चहा निवून साय धरेपर्यंत उठता येत नसे.

नवरा पूल बांधणाऱ्या कचेरीत नकाशे काढायचा. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. स्वतःबद्दल तो बेताचंच बोले, पण त्या घरात सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आवाज त्याचाच होता. कारण त्या दोघांची कामाची एक रीत होती, आता कुणी पाळत नाही अशी. छपाईआधीची प्रूफं तपासायची तर एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं लाल पेन घेऊन छापील पानावर नजर ठेवायची. वाचणारा तो, नजर तिची. नुसते शब्द वाचून भागत नाही, विरामचिन्हंही वाचावी लागतात, म्हणून तो वाचे, "छप्पर उतरतं असावं स्वल्प म्हणजे पाणी साचत नाही पूर्ण नवा परिच्छेद." रोज सकाळी, खिडकीजवळच्या टेबलाशी, मध्ये चहाचे दोन कप. प्रूफं पडद्यावर तपासायचे दिवस आले तरी ह्यांची रीत मोडली नाही. आवाज काही गाणाऱ्याचा नव्हता. जाडसर, जरा नाकातला, आणि वाक्य संपत आलं की खाली टेकणारा, डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवावं तसा. जगातलं जे जे तिला ठाऊक होतं ते त्या आवाजात ठाऊक होतं. मधमाश्या त्या आवाजात गुणगुणत, विहिरी त्या आवाजात खोल जात.

तिला चिडवायला तो कवनं रचायचा. भांडी पुसता पुसता ताल धरून म्हणायचा:

विचारून विचारून दमवला सारा गाव,
घरच्याला विचारीना, बाबा तुझं काय नाव.

"तुम्हाला काय विचारायचं?" ती म्हणे. "तुम्ही तर मला पाठ आहात."

छपरांवरच्या एका जाडजूड पुस्तकाची प्रूफं चालू होती. गवताची छपरं संपून कौलं सुरू झाली तेव्हा त्याचा आवाज फाटायला लागला. सर्दी असेल म्हणून काढे झाले, वाफारे झाले. पत्र्याच्या छपरांपर्यंत येईतो एका पानाला तीनदा थांबावं लागायला लागलं. "पावसाळी हवा," तो म्हणाला. हवा कोरडी ठणठणीत होती. मग मात्र ती त्याला इस्पितळात घेऊन गेली.

डॉक्टर हलक्या आवाजात बोलणारे होते. गाठ स्वरयंत्रावर होती. ते म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल अशी चांगली आशा आहे. आवाज मात्र राहणार नाही."

मग ती खुर्चीत पुढे सरकली आणि तिला प्रश्न लागले. काढल्यावर श्वासाची वाट कुठून? अन्नाची वाट आणि हवेची वाट जन्मभर एकमेकींना ओलांडतात, त्या वेगळ्या कशा करता? गिळताना जी झडप मिटते ती राहते की जाते? डॉक्टर आधी बिचकले, मग खुलले. कागद ओढून त्यांनी गळ्याचं चित्र काढून दाखवलं. तिनं त्या चित्रातली एक रेघ कुठे जाते तेही विचारलं.

"तुम्ही ह्याच क्षेत्रातल्या का?"

"नाही हो. भूल देण्याच्या शास्त्रावरचं एक पुस्तक केलं होतं."

नवरा मांडीवर पिशवी धरून बसला होता. आपल्या गळ्याचं चित्र तो उलट्या बाजूनं बघत होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "छान समजावून सांगतात, नाही?"

"हो ना. फार कमी डॉक्टरांना अशी हातोटी असते."

"मला विचारायचं होतं ते राहिलंच."

"काय?"

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आतून रुग्णाची ढकलगाडी बाहेर आली, माणसं अलीकडे-पलीकडे झाली, आणि ते दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहून खाली गेले. खाली पोचल्यावर ती औषधांच्या रांगेत शिरली.

शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर होती. त्याआधी इस्पितळातल्या स्पीच थेरपिस्टला भेटायचं होतं. ती तरुण मुलगी, केसांत पेन्सिल खोचलेली. तिनं एक छापील कागद पुढे केला.

"काका, ही वाक्यं तुमच्या आवाजात फोनमध्ये बोलून ठेवायची. पुढे नुसतं बोट लावलं की वाक्य तुमच्या आवाजात ऐकू येईल. नंतर दुसऱ्या रीतीनं बोलायला शिकवू आपण, पण तो आवाज हा नसेल. म्हणून जितकं भराल तितकं बरं. आणि आजच सुरू करा. सूज वाढली तर आवाज तारखेपर्यंत थांबत नाही."

"आजच करतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं चष्मा लावला, पाणी प्यायला, फोन टेबलावर उभा केला. ती शेजारी बसून कागद वाचत होती. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या.

"'कृपया मला पाणी देण्यात यावे.' देण्यात यावे? नवरा बोलतोय की नगरपालिका?"

तो हसला. हसण्यातही आता खरखर होती. "मी म्हणतो तसं. तेवढ्यानं काय होतंय?"

"आणि हे ऐका. 'मला अस्वस्थता जाणवत आहे. माझ्या कुटुंबीयांस कळवावे.' जन्मात असं बोललात का कधी?"

"आता बोलतो. कुटुंबीयांस कळव, चहा टाक म्हणावं."

पण तिनं लाल पेन उघडलं होतं. लाल पेन उघडलं की त्या घरात वाद संपत असे. तिनं पहिलं वाक्य खोडून लिहिलं, 'अगं, पाणी दे गं जरा.' मग थांबली. परक्या माणसाकडे पाणी मागताना 'अगं' कसं चालेल? मग दुसरं लिहिलं. रात्री औषध घेताना तो पाणी मागतो ते ह्या दोन्हींपेक्षा निराळं. तेही लिहिलं. एका पाण्याचं पान भरलं.

"आजच्या दिवस थांबा," ती म्हणाली. "उद्या नीट प्रत करते. कच्च्या प्रतीवर आवाज कशाला वाया घालवायचा?"

त्यानं फोन आडवा ठेवला. "संपादकांची सही झाल्याशिवाय छापायचं नाही. नियम आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिला जो विषय मिळाला तसा जन्मात मिळाला नव्हता. हा माणूस बोलतो कसा? तिनं लेकीला फोन लावला. लेक दूरदेशी होती, तिला दिवस गेलेले होते.

"बाबा फोन ठेवताना तीनदा 'ठेवू का मग?' म्हणतात आणि चौथ्यांदा ठेवतात," लेक म्हणाली. "ते घातलंस का?"

"तीनदा? माझ्या लक्षातच आलं नाही."

"अगं आई, तुझ्याच घरात राहतात ते."

तिनं दिराला विचारलं. दीर म्हणाला, "वहिनी, दादाचं 'बघू' घाला. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू बघू' म्हणजे अजिबात नाही. आणि 'बघतो' म्हणाला तर समजा काम झालं." तिनं पेपर टाकणाऱ्याला विचारलं, कोपऱ्यावरच्या चांभाराला विचारलं, पुलांच्या कचेरीतल्या त्याच्या जुन्या सोबत्याला गाठून विचारलं. सोबती म्हणाला, "रेघ वाकडी गेली की तो रेघेला 'असं करू नये गं बाई' म्हणायचा." हे ऐकून ती रस्त्यातच थांबली. रेघेशी बोलणारा नवरा तिला माहीत नव्हता.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानातही ती जाऊन बसली. वाऱ्यानं पातळ पट्टी थरथरते आणि सूर कसा निघतो ते त्यानं एक वाद्य उघडून दाखवलं. घरी येता येताच तिनं सुरुवात केली.

"अहो, ऐका तर. तुमच्या गळ्यात अगदी तस्संच आहे. दोन पडदे, मध्ये फट, खालून हवा..."

"माझ्या गळ्याचं तू प्रवासवर्णन काढणार आहेस," तो म्हणाला. आवाज आता कापडावरून खडू ओढावा तसा येत होता.

"बोलू नका फार. साठवून ठेवा."

"कुठे साठवू? बरणी दे एखादी."

छपरांची प्रूफं तिनं एकटीनं, मनातल्या मनात वाचून पुरी केली. तो समोरच्या खुर्चीत हात बांधून बसे. मधूनमधून फोनकडे बोट दाखवी. "चल, दहा तरी वाक्यं घेऊ आज." ती म्हणे, "सांत्वनाचा भाग तेवढा राहिलाय." दुसऱ्या दिवशी म्हणे, "रागाची वाक्यं फारच थोडी आहेत. तुम्ही रागावता तेव्हा काय म्हणता हो?" तो म्हणे, "रागावलो की गप्प बसतो. गप्प बसलेलं भर फोनमध्ये." ती हसे आणि तेही टिपून ठेवी.

एकदा दुपारी आडवं पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "भूल दिल्यावर कळतं का गं माणसाला काही?"

ती उठून बसली. पूर्वी भूल नव्हती तेव्हा कसं करत, मग पहिल्यांदा वायू हुंगवला तो कुणाला, मात्रा कशी ठरवतात, मेंदूतलं काय निजतं आणि काय जागं राहतं, सगळं तिनं सांगितलं. छान सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. तिचं संपल्यावर तो म्हणाला, "बरं," आणि कुशीवर वळला.

यादीला भाग पडले, भागांना पोटभाग पडले. मागण्या, कुरकुरी, थट्टा, परक्यांशी, आपल्यांशी. मग तिच्या मनात आलं, आजची वाक्यं झाली, उद्याचं काय? लेकीला मूल होईल. आजोबानं त्याला हाक मारायला नको? नाव नसताना हाक कशी भरायची?

"आई, पाच महिने आहेत अजून," लेक फोनवर म्हणाली. "नाव आत्ता कुठून आणू? तू बाबांना नुसतं 'बाळा' म्हणायला सांग. आणि झालं का सुरू तुमचं? काय काय भरलंत?"

"पक्की प्रत झाली की एका बैठकीत घेऊ. निम्मंशिम्मं काम मला जमत नाही."

"बाबांना दे."

त्यानं फोन घेतला. "जेवलीस का?" म्हणाला. पुढचं लेकीला नीट कळलं नाही. तिनं दोनदा विचारलं. मग त्यानं "ठेवू का मग?" असं तीनदा म्हटलं. ती मागे उभी राहून बोटं मोजत होती. खरंच तीनदा.

पक्की प्रत अखेर झाली. शस्त्रक्रियेला अजून आठवडा होता. त्याला वाक्यं चष्म्याशिवाय दिसावीत म्हणून मोठ्या अक्षरांत छापून, वरच्या कडेला तारेचे वळसे घालून बांधून आणायला ती सकाळीच कोपऱ्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात निघाली. पायांत चपला सरकवताना आतून तो काहीतरी बोलला. तिनं न ऐकताच "हो हो, आलेच" म्हटलं आणि दार ओढलं.

दुकानात गर्दी होती. पानं छापून निघत होती ती गरम गरम हातात घेऊन तिनं पुन्हा एकदा चाळली. एका ठिकाणी क्रम चुकला होता, ते पान परत काढायला लावलं. दुकानदार म्हणाला, "बाई, किती बघाल? परीक्षेला बसायचंय का?" ती म्हणाली, "हो. आणि उद्या नाही, आजच."

घरी आली तेव्हा तो पलंगाच्या कडेवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, आणि आत श्वास जाताना शीळ वाजत होती. घरात कुणी शीळ घालतंय असंच तिला आधी वाटलं. त्यानं तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज आला नाही.

शेजारणीनं गाडी काढली. गाडीत तो तिचा हात धरून होता आणि ती सारखी म्हणत होती, "बोलू नका, बोलू नका." इस्पितळात सगळे धावले. घटकाभरानं त्याच्या मानेला पुढून भोक पाडून नळी घातलेली होती आणि तो शांत श्वास घेत होता. जीव राहिला होता. डॉक्टर म्हणाले, आता मोठी शस्त्रक्रियाही लगेच उरकून टाकू, थांबण्यात अर्थ नाही. थेरपिस्ट मुलगी धावत आली, तिच्या केसांतली पेन्सिल निसटायला आली होती.

"किती भरून झालं होतं, काकू?"

काकूंच्या मांडीवर बांधलेली प्रत होती. वरचं पान अजून कोरं करकरीत होतं. तिनं मान हलवली. मुलगी शेजारी येऊन बसली.

बसल्या बसल्या काकूंना आठवलं, सकाळी तो आतून काय बोलला ते. 'किल्ली घेतलीस का?' ती घराबाहेर पडताना दर वेळी तो हेच म्हणायचा, लग्न झाल्यापासून. तिनं प्रत उघडली. मागण्या पाहिल्या, कुरकुरी पाहिल्या, थट्टा पाहिली. कुठेच नव्हतं. पेपर टाकणाऱ्याला विचारलं होतं, चांभाराला विचारलं होतं, आणि जे तिला रोज ऐकू येत होतं ते कुणी सांगितलं नाही म्हणून राहून गेलं होतं.

लेकीला फोनवर सांगताना तिला वाक्य पुरं करता येईना. लेक रडली, मग नाक ओढून म्हणाली, "आई, तुझ्या टेप आहेत ना. तू कुणाकुणाला बोलतं करायला जायचीस. बाबा असायचेच बरोबर. त्यात असतील की ते. शोध."

खरंच की. कपाटाच्या खालच्या खणात जुन्या कॅसेट होत्या, वरच्या खणात त्यानंतरची छोटी यंत्रं. पुस्तकासाठी माणसं गाठायची, त्यांना बोलतं करायचं, सगळं टेप करायचं, ही तिची सवय होती. मोठी शस्त्रक्रिया झाली. दुपारी दीर इस्पितळात बसे तेव्हा ती घरी येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी टेप लावी. मधमाश्या पाळणारा बोलला. विहीर खणणारा बोलला, मागे कुदळीचे घाव. घड्याळजी बोलला तेव्हा त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजली. नाव वल्हवणारी बाई, थडगी कोरणारा, डोळ्यांनी अधू असलेला वाद्यं लावणारा. आणि ती स्वतः, तरुण आवाजात, अधाशासारखी विचारत होती: मग? पुढे? ते का? ते कसं?

तो कुठेच नव्हता. आणि का नव्हता तेही तिला एकेक टेप ऐकताना आठवत गेलं. यंत्र त्याच्या हातात असायचं. तिचे दोन्ही हात लिहिण्यात, म्हणून तो समोर बसून ते धरायचा, तासन् तास, हात अवघडला की हात बदलून. आणि दर वेळी पायऱ्या चढताना ती त्याला बजावायची, "मध्ये बोलायचं नाही हं. हुंकारसुद्धा नको. टेपवर येतो."

काचेच्या भट्टीवरच्या टेपमध्ये एक जागा होती. भट्टीवाला आपलं सांगता सांगता थांबून म्हणाला होता, "साहेब, तुम्हीपण पुस्तकं लिहिता का?" त्यापुढे टेपवर काही नव्हतं. भट्टीची घरघर होती. मग भट्टीवाला हसला, आणि तिचा आवाज आला, "हं, तर फुंकनळी किती लांब असते म्हणालात?" त्या मधल्या जागेत त्यानं मान हलवली असणार. मान हलल्याचा आवाज होत नाही. तिनं ती जागा मागे नेऊन पुन्हा ऐकली, कान यंत्राला लावून ऐकली. श्वाससुद्धा त्यानं रोखून धरला होता.

इस्पितळातली त्याची खोली मागच्या अंगाला होती. खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसे. गळ्याला पट्टी, पट्टीत भोक, भोकातून श्वास. पलंगाशी एक पांढरी पाटी आणि पेन, त्याला लिहून सांगता यावं म्हणून. नर्सला पाणी मागायला तो पाटीवर नुसता पेला काढी, नकाशा काढावा तसा, मोजून-मापून. नर्सा त्यावर खूश होत्या.

ती आली आणि पलंगाच्या कडेशी बसली.

"सगळ्या टेप ऐकल्या," ती म्हणाली. "जगातलं झाडून सगळं माणूस आहे त्यात. तुम्ही नाही."

त्यानं भुवया उडवल्या. मग ओठांवर बोट ठेवलं, डोळे वटारले आणि मान तिरकी केली. पायरीवर उभी राहून बजावणारी ती, हुबेहूब. तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं, आणि बराच वेळ ती पलंगाच्या चादरीत तोंड घालून राहिली. त्याचा हात तिच्या डोक्यावर होता.

मग नाक पुसून ती म्हणाली, "काचवाल्याला तरी उत्तर द्यायचंत. त्यानं तुम्हाला विचारलं होतं."

त्यानं हात पालथा केला. काय विशेष, अशा अर्थी.

"कंटाळा यायचा का हो तुम्हाला? ते यंत्र धरून बसायचात तेव्हा?"

हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, जणू प्रश्न खरंच त्यालाच आहे ना ह्याची खात्री करत होता. मग त्यानं मान डोलावली.

"खूप?"

त्यानं दोन्ही हात दूर नेले. पलंगाचे कठडे आडवे आले तेव्हा थांबला.

"कायम?"

त्यानं तळहात हवेत तोलला. विहिरीच्या वेळी नाही, असं काहीसं त्यानं खुणेनं सांगितलं. खोल काहीतरी दाखवलं, आणि डोळे मोठे केले. विहीर त्याला आवडली होती. तिला हे ठाऊक नव्हतं.

"मग यायचात कशाला?"

ह्या प्रश्नाला मान पुरेना. त्यानं पाटीकडे हात नेला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. पाटीवर लिहिलं की ती अक्षरांकडे बघेल, मनातल्या मनात एखादा शब्द बदलेलसुद्धा. आपली खोड तिला माहीत होती.

"लिहू नका," ती म्हणाली. "सांगा."

त्यानं सांगितलं. ओठ हलले, जीभ टाळ्याला लागून सुटल्याचा बारीक टकटकाट झाला. श्वास खालच्या खाली, मानेच्या भोकातून, आपल्या वाटेनं जात-येत राहिला. त्याचा शब्दांशी काही संबंध उरला नव्हता.

"कळलं नाही."

त्यानं पुन्हा सांगितलं, सावकाश. छोटं वाक्य होतं. शेवटी ओठ मिटत होते एवढंच तिला दिसलं. तिसऱ्यांदा सांगता सांगता त्याला खोकला आला, नळीत कफ वाजला, नर्स आली, तिनं नळी साफ केली, आणि ती होईस्तोवर त्याच्या कपाळावर घाम आला. नर्स म्हणाली, "काकू, आता थोडं पडू द्या त्यांना." त्यानं उशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

ती उठली. कडेची खुर्ची तिनं उचलून पलंगाच्या पायथ्याशी, त्याचं तोंड उजेडात दिसेल अशी मांडली आणि बसली. रोज सकाळी तो वाचायचा तेव्हा तिची नजर कागदावर असायची. उभा जन्म तिनं त्याचा आवाज ऐकला होता, ओठ पाहिले नव्हते. खालचा ओठ वरच्यापेक्षा थोडा डावीकडे होता. उजव्या कोपऱ्याशी एक जुना व्रण होता, पडल्याचा की चावल्याचा, कोण जाणे. ते ती विचारणार होती. पण ते नंतर.

त्यानं डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. ती तिथंच होती.

"सांगा," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं. तिला कळलं नाही. कळल्याचं सोंग तिनं केलं नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.